एकमय लोक : वंश की मूल्य?
(जोतीराव फुले यांच्या राष्ट्रकल्पनेची चिकित्सा)

प्रस्तावना

जोतीराव फुले यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त 'नेशन' या इंग्रजी शब्दाच्या अर्थाने 'एकमय लोक' हा शब्दप्रयोग येतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधकार 'राष्ट्र', 'देश', 'स्वदेश' हे शब्द सरसकट वापरीत असताना फुल्यांनी वेगळा शब्द योजावा, ही गोष्ट केवळ शैलीची मानता येत नाही. 'राष्ट्र' म्हटले की भूमी आणि सत्ता प्रथम डोळ्यांपुढे येतात. 'एकमय लोक' म्हटले की माणसे येतात. शिवाय 'एकमय' हे विशेषण आपोआप लागू होणारे नाही. लोक एकमय असतात किंवा नसतात, होतात किंवा होऊ दिले जात नाहीत. येथील लोक तसे नाहीत आणि तसे होईपर्यंत 'राष्ट्रीय' सभेने राष्ट्राच्या नावाने बोलू नये, असा फुल्यांचा आक्षेप होता.

परंतु हे एकमयत्व कशाचे? एका रक्ताचे, की एका आचारमूल्याचे? या प्रश्नाला फुले-अभ्यासात दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक वाचन 'गुलामगिरी'वर (१८७३) भर देते. त्यानुसार फुले हे आर्य आक्रमकांविरुद्ध मूळच्या क्षेत्रवासीयांची बाजू मांडणारे, म्हणजे वंशाच्या भाषेत बोलणारे विचारवंत ठरतात. दुसरे वाचन 'सत्यधर्मा'वर भर देते. त्यात फुले विश्वबंधुत्वाचे प्रवक्ते ठरतात आणि 'गुलामगिरी'तील वंशकथा ही काळाची मर्यादा म्हणून हळूच बाजूला सारली जाते. पहिले वाचन व्यासपीठांवर अधिक आढळते, दुसरे विद्यापीठीय चर्चासत्रांत. दोन्ही वाचने निम्मे फुले वाचतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वंशकथा आणि मूल्यकल्पना या दोहोंमधील ताण फुल्यांच्या लेखनात शेवटपर्यंत टिकून राहतो, आणि म्हणूनच राष्ट्राच्या ओळखीविषयी आज विचार करताना तो उपयोगी पडतो.

या ताणाची तपासणी करण्यास एक ठिकाण विशेष सोयीचे आहे. ते म्हणजे कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर.

एक दैवत, दोन कथा

फुल्यांचे नाव या दैवतावरून ठेवलेले आहे. जोतिबाच्या उत्सवाच्या दिवशी जन्म झाला म्हणून बालकाचे नाव जोती ठेवले, असे चरित्रकार सांगतात. ११ एप्रिल १८२७ या जन्मतारखेला पौर्णिमा होती, हे चांद्रगणिताने पडताळता येते, आणि जोतिबाची मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेचीच. तेव्हा ही केवळ भाविक दंतकथा नसावी.

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवर वाडी रत्नागिरी हे गाव आहे. येथील केदारलिंगाचे, म्हणजेच जोतिबाचे, आजचे देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधल्याची नोंद आहे. चोपडाईचे देऊळ १७५० मधील, हिम्मतबहादूर चव्हाणांचे. केदारेश्वराचे १८०८ मधील, दौलतराव शिंद्यांचे. चैत्रात येथे उंच सासनकाठ्या नाचवीत गावोगावचे लोक येतात, गुलाल उधळला जातो आणि 'चांगभलं'चा गजर होतो. यात्रेकरू केवळ मराठी मुलखातले नसतात. कर्नाटकातून आणि तेलुगू प्रदेशातूनही ते येतात. पूजेचा मान गुरवांकडे आहे.

'केदारविजय' या माहात्म्यग्रंथाच्या परंपरेनुसार जोतिबा हा ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांच्या तेजाचा अवतार. दक्षिणेत माजलेल्या रत्नासुर, रक्तभोज आदी दैत्यांचा त्याने संहार केला. आता 'गुलामगिरी' उघडावी. बळीराजाच्या प्रकरणात खंडोबा, भैरोबा, म्हसोबा यांच्या रांगेत जोतिबा येतो, पण तो दैत्यसंहारक म्हणून येत नाही. तो बळीच्या, म्हणजे पुराणांच्या भाषेत एका दैत्यराजाच्या, राज्यव्यवस्थेतील अधिकारी म्हणून येतो. म्हसोबा म्हणजे 'महासुभा', खंडोबा म्हणजे खंडाचा न्यायी, अशी फुल्यांची मांडणी आहे. ज्या दैवताने असुर मारले असे माहात्म्य सांगते, तेच दैवत फुल्यांच्या कथेत असुरांच्या बाजूचे ठरते. एकाच डोंगरावरचा एकच देव दोन कथांमध्ये युद्धाच्या दोन विरुद्ध बाजूंना उभा आहे.

हा उलटापालट फुल्यांनी खोडसाळपणाने केला नाही. देव कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. माहात्म्यग्रंथाने एका डोंगरदैवताला पुराणांच्या वंशावळीत बसविले. फुल्यांनी त्याला त्या वंशावळीतून काढून शेतकऱ्याच्या वंशावळीत बसविले. पद्धत मात्र दोघांची एकच होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोघांनीही दैवताला कूळ दिले. काठी घेऊन येणाऱ्या माणसाला यांपैकी कोणत्याही कुळाची फारशी गरज पडत नाही, ही गोष्ट मात्र दोन्ही ग्रंथांच्या बाहेर राहते.

'गुलामगिरी'तील वंशकथा

फुल्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी मूळच्या लोकांना जिंकले, ही त्या काळच्या प्राच्यविद्येत रुजलेली कल्पना त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. ही कल्पना फुल्यांची स्वतःची नव्हे, आणि ती एकट्या फुल्यांनी वापरली असेही नव्हे. टिळकांनी १९०३ साली वेदकर्त्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ शोधले, तेव्हा तेही याच गृहीताच्या अंगणात उभे होते. फरक इतकाच, की एकाला आगमनात गौरव दिसला आणि दुसऱ्याला आक्रमण. गेल ऑम्व्हेट यांनी फुल्यांनी आर्यसिद्धान्त उलटा केला असे म्हटले, ते रास्तच आहे. पण उलटा केलेला सिद्धान्तही सिद्धान्तच राहतो. त्याचे गृहीत बदलत नाही.

'महार' शब्द 'महाअरी'पासून आला, यांसारख्या फुल्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणाऱ्या नाहीत. हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आदरापोटी त्यांचे समर्थन करीत बसणे म्हणजे फुल्यांनाच कमी लेखणे होय. तथापि, या व्युत्पत्ती काय करू पाहतात ते वेगळे आहे. ज्या समाजाला स्वतःचा इतिहास लिहिण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या घरातील शब्द, सण, कुलाचार आणि दैवते हेच त्याचे दफ्तर आहे, असे मानून फुले ते दफ्तर वाचू लागतात. तळी उचलणे, घट बसविणे, दसऱ्याला बळीचे राज्य येवो असे म्हणणे, या आचारांतून त्यांनी पराभवाची स्मृती शोधली. निष्कर्ष चुकले, पण लोकाचार हे इतिहासाचे साधन आहे ही दृष्टी चुकली नाही. पुढे शंभर वर्षांनी रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, विठ्ठल यांचा जो अभ्यास केला, त्याची शिस्त वेगळी होती, पण दफ्तर तेच होते.

या वंशकथेच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका मात्र वंशकथेत बसत नाही. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचरणी लोकांना फुल्यांनी हे पुस्तक अर्पण केले. ज्यांना ते अर्पण केले ते बहुतांशी गोरे होते आणि ज्यांच्यासाठी ते झटले ते काळे. 'गुलामगिरी' खरोखरच रक्ताचे पुस्तक असते, तर त्याच्या पहिल्याच पानावर रक्ताच्या सीमा ओलांडणाऱ्या माणसांचा सन्मान झाला नसता. पुस्तकाच्या आतला निकष जन्म आहे आणि उंबरठ्यावरचा निकष आचरण. फुल्यांच्या समग्र लेखनातील ताण येथे प्रथम उघड होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की अर्पणपत्रिका ही औपचारिक बाब आहे, तिच्यावर एवढा भार टाकू नये. परंतु फुल्यांचे जीवनही तिच्याच बाजूने साक्ष देते. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे ब्राह्मण मित्र होते आणि मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू झाली ती भिड्यांच्या वाड्यात. तरीही एक अडचण उरतेच, आणि ती दुसऱ्या वाचनाच्या पुरस्कर्त्यांनी टाळू नये. 'गुलामगिरी'च्या कथेत 'भट' म्हणून जन्मलेल्या माणसाला बाहेर पडण्याची वाट कोठे आहे? मित्रांसाठी ती लेखकाच्या आयुष्यात होती. कथेत ती नाही. वंशाच्या भाषेत अन्याय सांगितला की अन्याय करणाऱ्याचा पश्चात्तापही निरुपयोगी ठरतो, कारण रक्ताला पश्चात्ताप नसतो.

सत्यधर्म आणि रेनाँ

'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त सूर बदलतो, 'आर्यभट' मात्र जात नाहीत. अनेक अभ्यासक हे दुसरे अर्धे वाक्य विसरतात. तथापि, आता एका निर्मिकाची सर्व लेकरे ही कल्पना पायाशी आहे, आणि सत्यवर्तनाचे नियम सांगताना जन्माची अट नाही. याच ग्रंथात ते प्रसिद्ध कुटुंब येते, ज्यात स्त्री बौद्ध धर्म स्वीकारते, पती ख्रिस्ती होतो, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी, आणि सर्वजण एका छपराखाली प्रेमाने नांदतात. मराठीत त्या काळी याहून धाडसी राजकीय प्रतिमा दुसरी सापडणार नाही. 'राजकीय' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. सामान्यतः या उताऱ्याकडे धर्मसहिष्णुतेचा नमुना म्हणून पाहिले जाते. पण कुटुंब हे तर रक्तनात्याचे सर्वांत घट्ट रूप. त्याच कुटुंबाच्या आत फुल्यांनी श्रद्धेचे स्वातंत्र्य ठेवले आणि बांधणारा धागा म्हणून परस्परांशी वागण्याची रीत शिल्लक ठेवली. 'एकमय लोक' कसे असावेत, याचे हे घरगुती प्रारूप आहे.

योगायोग असा, की त्याच दशकात, १८८२ साली, अर्नेस्त रेनाँ यांनी पॅरिसमध्ये राष्ट्र म्हणजे काय या विषयावर आपले गाजलेले व्याख्यान दिले. वंश, भाषा, धर्म, भूगोल हे राष्ट्राचे आधार नव्हेत. सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची रोज नव्याने दिलेली संमती हा राष्ट्राचा आधार, असे त्यांचे प्रतिपादन होते. फुल्यांनी रेनाँ वाचला असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तुलना केवळ विचारांची आहे. दोघेही रक्त नाकारतात, पण रेनाँच्या मते राष्ट्र घडण्यासाठी जुन्या हिंसेचे विस्मरण आवश्यक असते, तर फुल्यांच्या मते तिचे स्मरण. रेनाँपुढे श्रोते होते ते संमती देण्याचा अधिकार असलेले नागरिक. फुल्यांपुढे असलेल्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते. ज्याची संमती कधी मागितली गेली नाही त्याला 'विसर' म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा न विचारणे. मूल्यांवर उभे असलेले राष्ट्र सुद्धा आपल्या मूल्यांचा उच्चार कोण करतो हा प्रश्न झाकून ठेवू शकते, आणि त्या झाकणाखालून जुना वंश पुन्हा वर येतो. राष्ट्राचे 'नागरी' आणि 'वांशिक' असे जे दोन प्रकार हान्स कोन यांच्या १९४४ च्या ग्रंथापासून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले, त्यांची मर्यादा येथे दिसते. फुल्यांना वंशकथा लागली ती नागरी राष्ट्राचे दार बंद होते म्हणून.

एक मृत्युपत्र

या संदर्भात फुल्यांच्या एका लेखी दस्तऐवजाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो म्हणजे त्यांचे १८८७ सालचे मृत्युपत्र. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला होता. मृत्युपत्रात फुल्यांनी त्यालाच वारस केले. हिंदू समाजात वारसा हा जन्माचा सर्वांत ठाम पुरावा, आणि 'गुलामगिरी'च्या लेखकाने तो आपल्या कथेतील शत्रुकुळात जन्मलेल्या मुलाच्या हाती दिला. एवढेच असते तर हा दस्तऐवज मूल्याच्या बाजूचा विजय म्हणून मिरविता आला असता. परंतु त्यात पुढे अट आहे. यशवंत नालायक निघाला, तर शूद्र जातींतील लायक मुलाची निवड करून त्याला वारस करावे, अशा आशयाची ही तरतूद आहे.

या दोन कलमांमध्ये फुल्यांच्या राष्ट्रकल्पनेचा सबंध ताण दिसतो. पहिल्या कलमात जन्म निरर्थक आहे. दुसऱ्या कलमात लायकी निर्णायक आहे, पण ती शोधायची कोठे याची मर्यादा जन्माने आखलेली आहे. हा अंतर्विरोध आहे का? तर्काच्या दृष्टीने आहे. परंतु ज्या समाजात लायकी सिद्ध करण्याची संधीच जन्मावर वाटली गेली होती, तेथे लायक मुलगा वंचितांतून शोधा असे सांगणे हे जन्माचे समर्थन ठरत नाही. तो जन्माने केलेल्या वाटणीवरचा उपाय आहे. कोल्हापूरकरांना हा तर्क परिचित असावा. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा मागासलेपणाची व्याख्या ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळून केली. हेतू समतेचा, यादी जातींची. यादीशिवाय हेतू पोचत नाही आणि यादी फार काळ राहिली की ती स्वतःच ओळख बनते, ही अडचण तेव्हापासून आपल्याबरोबर आहे.

कोल्हापुरातील दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८९९ मध्ये सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात वाद होता तो छत्रपतींच्या क्षत्रियत्वाचा. अपमान खरा होता, पण त्याचे उत्तर वंशाच्या दाव्यात शोधले गेले. पुढे १९११ मध्ये शाहूंच्या आश्रयाने कोल्हापुरात सत्यशोधक समाजाचे काम सुरू झाले आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण झाले. फुल्यांच्या वारशातील मूल्याचा प्रवाह आणि कुळाचा प्रवाह एकाच संस्थानात शेजारी शेजारी वाहत होते. शाहूंनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली हेही विसरता येत नाही. किंबहुना त्यांच्या सर्व कार्यात ही कृती फुल्यांच्या 'एकमय लोकां'च्या सर्वांत जवळची आहे.

'मराठा' या शब्दाचाच प्रवास पाहावा. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी दाखविल्याप्रमाणे सतराव्या-अठराव्या शतकांत हा शब्द बऱ्याच अंशी लष्करी चाकरी आणि वतनाच्या आधारे घडत गेला. चाकरीने मिळालेली ओळख पुढे शहाण्णव कुळींच्या यादीत जन्माची झाली. २०२३ पासून मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा जो शोध शासकीय पातळीवर घेतला गेला, त्यात पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर नातवाचा हक्क अवलंबून राहिला. शेतकरी म्हणजे कुणबी, हे फुल्यांना सांगण्यासाठी दप्तर लागले नव्हते.

आंबेडकर : एक शिस्तबद्ध वाचक

फुल्यांमधील हे दोन थर वेगळे करण्याचे काम प्रथम केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि तेही कोणताही गाजावाजा न करता. शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. तो जोतीराव फुले यांना अर्पण केलेला आहे. त्याच ग्रंथात आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त आंबेडकरांनी पुराव्यानिशी नाकारला. ज्या गृहीतावर 'गुलामगिरी' उभी होती तेच गृहीत मोडणारे पुस्तक 'गुलामगिरी'च्या लेखकाला अर्पण करणे, यात विसंगती शोधणारे शोधोत. प्रस्तुत लेखकाला त्यात उत्तम शिष्यत्व दिसते. परकीय सत्तेपासूनच्या स्वातंत्र्यापेक्षा सामाजिक लोकशाही महत्त्वाची, हे फुल्यांचे सांगणे आंबेडकरांनी ठेवले आणि वंशकथा सोडून दिली.

सोडताना त्यांनी तिच्या जागी काय ठेवले? १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधातच त्यांनी सांगितले होते की जातीचे मर्म वंशभेदात नसून विवाहबंदीत आहे. येथील सर्व लोक मिश्र वंशाचे आहेत. वेगळेपण नंतर घडविले गेले. यास शंभर वर्षांनंतरच्या जनुकशास्त्राने दुजोरा दिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासानुसार भारतीय लोकसमूहांचे परस्परमिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यानंतर ते मंदावले. २०१९ मधील प्राचीन जनुकांवरील संशोधनाने गवताळ प्रदेशांतून झालेल्या स्थलांतराला पुष्टी दिली. म्हणजे बाहेरून कोणीच आले नाही, हे म्हणणे टिकत नाही. आणि आलेले व मूळचे आजवर वेगळे राहिले, हेही टिकत नाही. सर्वजण मिसळले आणि मग मिसळणे बंद केले गेले. फुल्यांनी जखम बरोबर दाखविली, तिचे कारण रक्तात शोधले. आंबेडकरांनी ते लग्नाच्या मांडवात शोधले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असू शकतात, हा प्रश्न विचारला. हा फुल्यांचाच प्रश्न. उद्देशिकेतील 'बंधुता' हा शब्द त्याचे उत्तर म्हणून वाचला पाहिजे. या उलट, सावरकरांनी १९२३ साली राष्ट्र, जाती आणि संस्कृती या तीन बंधनांवर हिंदुत्वाची मांडणी केली. त्यांनीही वर्णसंकर नाकारला नाही, उलट सर्वांचे रक्त एकमेकांत मिसळलेले आहे यावरच भर दिला. म्हणजे वस्तुस्थितीबाबत दोघांत फारसा मतभेद नव्हता. एकाने मिश्र रक्तातून समान रक्ताचा अभिमान काढला, दुसऱ्याने मिश्रणाला पुन्हा वाट मोकळी करण्याचे कर्तव्य. मूल्य कोणते हे वस्तुस्थिती ठरवीत नाही, हा धडा यातून समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावा.

यात्रेचा प्रदेश

रक्त आणि मूल्य या दोहोंखेरीज तिसरा पर्याय इरावती कर्वे यांनी सुचविला. बर्लिनमध्ये कवट्यांच्या मापांवर प्रबंध करताना वंशश्रेष्ठत्वाला अनुकूल निष्कर्ष काढण्यास नकार देणाऱ्या या विदुषीने पंढरीच्या वाटेवर चालताना महाराष्ट्राची व्याख्या केली, ती विठोबाच्या वारीला जाणाऱ्या लोकांचा प्रदेश अशी. न रक्त, न तत्त्व, सामायिक वाट. ही व्याख्या आजही मोहविते.

पण ती जोतिबाच्या डोंगरावर नेऊन पाहावी. येथील यात्रेच्या प्रदेशाने महाराष्ट्राची सीमा काढायची ठरविली तर ती १ मे १९६० च्या सीमेशी जुळणार नाही. बेळगाव परिसरातील भाविक तिच्या आत येतील, पण कन्नड आणि तेलुगू बोलणारेही येतील. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमादाव्याला ही वाट साह्य करीत नाही आणि विरोधही करीत नाही. शिवाय सामायिक दैवत म्हणजे सामायिक राज्य नव्हे, याचा पुरावा याच डोंगरावर दगडात आहे. राणोजी शिंदे शाहू छत्रपती आणि पेशव्यांच्या बाजूचे सरदार. हिम्मतबहादूर चव्हाण करवीर गादीशी जोडलेले घराणे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर या दोन गाद्यांची वाटणी पक्की झाली. तहाच्या आदल्याच वर्षी एक देऊळ उभे राहिले, वीस वर्षांनी दुसरे. देव एक, राज्ये दोन. सासनकाठ्यांचा क्रमही मानापानाने ठरतो. पाडळीची काठी पुढे, मग इतर. भक्तीने माणसे एकत्र येतात हे खरे, पण ती रांगेने येतात. फुल्यांना नेमकी ही रांग खुपली असती.

तेव्हा सामायिक यात्रेने शेजार घडतो, पण नागरिकत्व घडत नाही. नागरिकत्वाचा प्रश्न अखेर कायद्यापुढेच येतो, आणि तेथे वंश की मूल्य हा प्रश्न अमूर्त राहत नाही. १९५५ च्या कायद्याने भारतात जन्मलेल्याला, काही अपवाद वगळता, भारतीय मानले. त्याचे आईबाप कोण हे विचारले नाही. १ जुलै १९८७ पासून दोहोंपैकी एक पालक भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अट जोडली गेली. वंशाधारित नागरिकत्वाचे उदाहरण म्हणून ज्या जर्मनीकडे बोट दाखविले जाई, तिने १९१३ च्या कायद्यात बदल करून १ जानेवारी २००० पासून जन्मभूमीला स्थान दिले. आपण मात्र त्याच सुमारास उलट दिशेने, भूमीकडून पालकत्वाकडे, सरकलो. यामागे आसामातील आंदोलन आणि स्थलांतराचा खरा प्रश्न होता, हे मान्य केले पाहिजे. दिशा कोणती, हेही नोंदविले पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना नागरिकत्वाचा सुलभ मार्ग दिला. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झाले. छळ झालेल्या अल्पसंख्याकांना आश्रय, हा तिचा सांगितलेला हेतू आहे, आणि आश्रय देणे हे मूल्यच आहे. आता फुल्यांचे ते कुटुंब या सीमेवर उभे आहे असे समजावे. बौद्ध झालेली आई आत येईल. ख्रिस्ती झालेला बाप आत येईल. मुसलमान झालेली मुलगी या मार्गाने येऊ शकणार नाही. सत्यधर्मी मुलाचा धर्म तर यादीतच नाही. त्याला आधी आपण कोण हे सांगावे लागेल, आणि त्यासाठी बहुधा त्याच्या आजोबांची जात विचारली जाईल.